आटे आणि खटका

९ जानेवारी, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी ही वही घ्यायला लावली. म्हणाल्या, रक्तदाब असाच राहिला तर गोळ्या दुप्पट कराव्या लागतील, त्यापेक्षा राग आला की ओरडू नका, लिहून काढा. मी म्हटलं, मग एक वही पुरायची नाही. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

तर आजचा राग. आज पुलावर संयुक्त कवायत होती. दोन देशांचा आपत्ती सहकार्य करार झाला, त्याचा सोहळा. अलीकडचे साहेब, पलीकडचे साहेब, मांडव, खुर्च्या, भाषणं. सगळ्यांनी घड्याळात बघून झाल्यावर खरी माणसं पुढे आली, म्हणजे माझं अग्निशमन ठाणं आणि पलीकडच्या काठावरचं त्यांचं ठाणं. कार्यक्रम एवढाच की त्यांच्या बंबाचं पाणी माझ्या पाइपातून उडवून दाखवायचं. भाषणं दीड तास, पाणी दोन मिनिटं.

आणि पाइप जुळेनात. आमच्या पाइपांच्या टोकांना आटे आहेत, फिरवून घट्ट बसवायचे. त्यांच्या टोकांना खटका आहे, दाबला की बसतो. करार लिहायला चार वर्षं लागली आणि चार वर्षांत एकाही शहाण्याने पाइपाचं टोक बघितलं नाही. त्यावर पलीकडचा ठाणेप्रमुख, एवढाल्या मिशा, माइक चालू असताना म्हणतो, "बाई, तुमचं हे सामान आता संग्रहालयात द्या." दोन्ही देश हसले. मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, मिशांना देता त्यातलं थोडं तेल पंपाला दिलंत तर तोही चालेल. त्याचं तोंड लालबुंद झालं. नंतर आवराआवरीत त्यांचा एक पाइपाचा तुकडा आमच्या गाडीत आला आणि आमचा एक त्यांच्या गाडीत गेला. मी परत पाठवणार नाही. आधी त्याने पाठवावा.

यांनी रात्रीचं जेवण वाढलं आणि काही विचारलं नाही. शाळेत मुलांना गणित शिकवून या माणसाला कोणत्या वेळी गप्प बसायचं ते पक्कं कळतं.

१९ जानेवारी, मंगळवार

समन्वय समितीची बैठक. एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला खटका असा मधला जोड करून घ्यावा, दहा नग, विषय संपला, असं मी सांगितलं. पाच मिनिटांचं काम. अडीच तास चर्चा झाली. जोडावर शिक्का कोणत्या देशाचा? तो ठेवायचा कोणत्या काठावर? हरवला तर कोणी हरवला म्हणायचं? मिशीवाला समोर बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता, मीही बघितलं नाही. जे बोलायचं ते दोघंही अध्यक्षांना उद्देशून बोललो. विषय दोन्ही राजधान्यांकडे पाठवला.

३१ जानेवारी, रविवार

धाकट्याकडे जाऊन आले. माझा धाकटा भाऊ लाकूड गल्लीत राहतो, खाली कारखाना, वर घर. नक्षीकाम करतो. सध्या एका मोठ्या दाराच्या फळ्या पटाशीने कोरतोय, वेलबुट्टी इतकी बारीक की मला चष्मा लावून बघावी लागली. म्हणाला, ताई, हात लावू नकोस, तुझा हात जड. लहानपणापासून हेच सांगतो. त्याच्या हाताला आई वेलीची बोटं म्हणायची आणि माझ्या हाताला फावडं.

त्या गल्लीत शिरलं की माझं डोकं कामाच्या हिशेबाने चालतं, काय करू. बासष्ट घरं, सगळी लाकडाची, सगळीकडे भुसा आणि पॉलिशचे डबे. पलीकडच्यांचा मोठा बंब गल्लीत मावत नाही. माझा छोटा मावतो, पण टाकीत पाणी चार मिनिटांचं. पाणी आहे नदीत, नदी चारशे मीटर खाली. तिथून वर पाणी रेटेल असा पंप फक्त मिशीवाल्याकडे. त्याचा बंब काठावरच्या उतारावर उभा करायचा, त्याचे दोनशे मीटर पाइप खालून वर आणायचे, माझे दोनशे वरून खाली न्यायचे, मधे जोडायचे. जोडले तर गल्ली वाचेल. नाही जोडले तर चार मिनिटांनंतर मी तिथे नुसती हेल्मेट घालून उभी.

धाकट्याला यातलं काही बोलले नाही. तो घाबरट आहे.

२४ फेब्रुवारी, बुधवार

राजधान्यांचं उत्तर आलं. मधला जोड नामंजूर. कारण काय, तर तो दोन्ही देशांच्या सामान-यादीत बसत नाही. यादीबाहेरची वस्तू ठाण्यात दिसली तर ठाणेप्रमुख जबाबदार.

मग एकाच बाजूने आपले जोड बदलावेत, हे लहान पोरालाही सुचेल. पण या समितीची एक रीत आहे, इतिवृत्तात कोणी नमलं असं कधीच दिसता कामा नये. आम्ही बदलतो असं लिहिलं तर आम्ही हरलो, ते बदलतात असं लिहिलं तर ते. म्हणून सचिवांनी नेहमीसारखं लिहिलं: दोन्ही बाजू आवश्यक ते बदल करतील. टाळ्या. काय बदल, कोणी करायचा, कधी, काही नाही. मी हात वर केला तर अध्यक्ष म्हणाले, बाई, एकमत झालेल्या ठरावावर चर्चा होत नसते.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की परत येताना पुलाच्या कठड्याला लाथ मारली. पाय सुजलाय.

२ मार्च, मंगळवार

ठरवलं. मीच बदलते. नवी वस्तू घ्यायचा मला अधिकार नाही, पण असलेल्या वस्तूची दुरुस्ती करायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. मिशीवाल्याच्या पाइपाचा तुकडा घेऊन लेथवाल्याकडे गेले. त्याने तो उलटसुलट केला, मापं घेतली, म्हणाला, बाई, असे खटक्याचे जोड करून देतो, पण आटेवाले जोड वितळवावे लागतील, पितळ तेच वापरायचं आहे. म्हटलं, वितळव. सगळे. पाइपांचे, पंपाच्या तोंडाचे, एकही मागे ठेवू नकोस.

नमले असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे. माझं नाक वर राहण्यापेक्षा धाकट्याचं छप्पर राहिलेलं बरं.

१८ मार्च, गुरुवार

काम पूर्ण. ड्रायव्हर आणि जाड्या (नाव जाड्या, पण शिडीवर माकडासारखा चढतो) दोघांनी मिळून सगळे पाइप जोडून बघितले. खट, खट, खट. एकापाठोपाठ एक. ठाण्यात पाच वर्षांत इतकं छान वाटलं नव्हतं.

ड्रायव्हर म्हणाला, पलीकडे कळवायला हवं ना बाई. म्हटलं, कळवते ना. रीतसर पत्र लिहिलं. ते आमच्या राजधानीला जाईल, तिथून त्यांच्या राजधानीला, तिथून त्यांच्या जिल्ह्याला, तिथून मिशीवाल्याच्या टेबलावर. महिना-सव्वा महिना. त्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे, पहिल्या बैठकीत सगळ्यांनी दिले होते. पण मी फोन करायचा म्हणजे काय? संग्रहालयवाली बाई सरळ झाली, असं त्याने चारचौघांत सांगायचं? पत्र जाऊ दे. पत्रात मिशा दिसत नाहीत.

२६ मार्च, शुक्रवार

आज दुपारी नदीपलीकडे बघितलं तर मिशीवाल्याने आपले सगळे पाइप काठावर उन्हात पसरून ठेवले होते आणि माणसं टोकांशी वाकून खटाटोप करत होती. दिवसभर. आमच्याच समोर. कवायतीत नाचक्की झाली ती आता अशी भरून काढतोय, सामान किती आहे ते दाखवतोय. दाखव बाबा. मीही उद्या माझे पसरते.

२७ मार्च, शनिवार

पसरले नाहीत, वारा फार होता. सकाळी पुलाच्या फाटकावरून फोन आला, पलीकडचे अग्निशमनवाले साहेब आलेत, बाईंना दोन मिनिटं भेटायचंय म्हणतात. स्वतः आलाय! काय, माफी मागायला? की पाइपाचा तुकडा परत मागायला? मी पायात चप्पलसुद्धा घातली होती, मग म्हटलं, कशाला? पुन्हा तिथे काही लागट बोलला तर मला आवरता येणार नाही, आणि फाटकावर दोन्हीकडचे पहारेकरी कान टवकारून असतात. सांगितलं, बाई बाहेर गेल्यात म्हणावं.

हे गॅलरीतून ऐकत होते. चहा ठेवून आत गेले.

११ एप्रिल, रविवार

आज नाही लिहिता येत.

१३ एप्रिल, मंगळवार

लिहायलाच हवं, नाहीतर डोक्याची शीर फुटेल.

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला गल्लीच्या टोकाच्या पॉलिशच्या दुकानात ठिणगी पडली. आम्ही सहा मिनिटांत पोचलो. मी पलीकडे इशारा दिला, आणि हे मी प्रामाणिकपणे लिहिते, पलीकडून कोणी एक क्षणही घालवला नाही. पुलाची दोन्ही फाटकं सताड उघडली. कागद नाही, शिक्का नाही. अकराव्या मिनिटाला त्यांचा बंब उतारावर उभा होता आणि पंप पाणी ओढत होता. चार वर्षांचा करार त्या अकरा मिनिटांत खरा झाला.

मी आमच्या पाइपाचं टोक घेऊन उताराने खाली धावले. मिशीवाला त्याच्या पाइपाचं टोक घेऊन वर धावत आला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, धापा टाकत. मधे भेटलो. मी खटका पुढे केला.

त्याच्या हातात आटे होते.

पाणी त्याच्या पाइपात येऊन थांबलं होतं, पाइप ताठ झाला होता. तो म्हणाला, "तुम्ही बदललेत?"

मी म्हटलं, "तुम्ही पण?"

मग जे केलं ते सगळं मूर्खासारखं. गाडीच्या चाकाची ट्यूब कापून दोन टोकांभोवती गुंडाळली, वर तार आवळली. दोनदा फुटलं. जाड्याला तारेने चिरलं. तोवर माझी टाकी संपली, बंब खाली नेऊन भरायचा, परत वर आणायचा, प्रत्येक खेपेला नऊ मिनिटं. आग नऊ मिनिटं थांबत नाही. मिशीवाल्याची माणसं बादल्या घेऊन रांगेत उभी राहिली, अनोळखी देशाच्या गल्लीत, आणि शेवटपर्यंत हलली नाहीत.

एकोणीस घरं गेली. माणूस एकही गेला नाही, असं वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरात आलंय.

धाकट्याच्या शेजारचे म्हातारे पॉलिशकाका आत अडकले होते. दाराची लोखंडी कडी तापून लाल झाली होती. माझ्या घाबरट भावाने ती दोन्ही हातांनी धरून ओढली. काकांना बाहेर काढलं. मी तेव्हा खाली उतारावर तार आवळत होते.

१६ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टर म्हणतात डावा हात सुधारेल. उजव्याची बोटं मिटणार नाहीत. मी विचारलं, किती? म्हणाले, चमचा कदाचित धरता येईल. मी विचारलं, आणि पटाशी? पटाशी म्हणजे काय हेच त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की परिचारिका धावत आली. त्यांचा काय दोष होता.

धाकटा निपचित पडून होता. मला म्हणाला, ताई, हळू बोल, काका झोपलेत.

२९ एप्रिल, गुरुवार

चौकशीची बैठक. मी पंधरा दिवस कशी झोपले ते मला माहीत, आणि या लोकांनी आधी पाणी, मग चहा, मग हजेरीचा कागद.

निष्कर्ष वाचून दाखवला. दोन्ही बाजूंनी ठरावाची तत्परतेने व संपूर्ण अंमलबजावणी केली, याबद्दल समिती समाधान व्यक्त करते. समाधान! दुर्घटना बदलांमुळे घडली, सबब दोन्ही बाजूंनी दहा दिवसांत आपापले जोड पूर्ववत करावेत.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. उभी राहिले. म्हटलं, पूर्ववत म्हणजे माझ्याकडे पुन्हा आटे आणि त्यांच्याकडे पुन्हा खटका. म्हणजे जानेवारीत होतं तसंच. म्हणजे पुन्हा जुळणार नाही. हे तुमच्यातल्या एकाच्याही डोक्यात शिरत नाही का? सचिव कागद चाळायला लागले. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, बाई, एकालाच पूर्ववत करायला सांगितलं तर समतोल बिघडतो.

मी म्हटलं, माझ्या भावाचा हात बिघडलाय. इतिवृत्तात हे लिहा की पूल चालत ओलांडायला सहा मिनिटं लागतात. अध्यक्ष म्हणाले, हा विषयपत्रिकेवरचा मुद्दा नाही.

तेव्हा मिशीवाला पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "लिहा. आणि खाली माझी सही घ्या." लिहिलं नाही.

३० एप्रिल, शुक्रवार

सकाळी पुलावर गेले. त्याला फोन करून बोलावलं होतं. लागला लगेच, दुसऱ्या रिंगलाच उचलला. मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे मी, पलीकडे तो.

आधी मी भांडले. समितीवर, राजधान्यांवर, सचिवाच्या पेनवर. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की त्यानेही आमचाच पाइपाचा तुकडा नमुना म्हणून वापरला, त्यानेही जुने जोड मोडून टाकले, आणि त्यानेही पत्र राजधानीमार्गे पाठवलं. ते कुठे आहे त्याला माहीत नाही. माझंही कुठे आहे मला माहीत नाही.

"पण मला चैन पडेना," तो म्हणाला. "म्हणून मार्चमध्ये मी फाटकावर आलो होतो. ते बाहेर गेल्यात म्हणाले."

मी त्याला सांगू शकले असते, मी घरात होते म्हणून. माझ्या पायात चप्पल होती म्हणून. सांगितलं नाही. मी म्हटलं, झालं ते झालं, आता हिशेब करू. समिती म्हणते दोघांनी पूर्ववत करा. दोघांनी ऐकलं तर जुळत नाही. दोघांनी नाही ऐकलं तरी जुळत नाही. एकाने ऐकायचं आणि एकाने नाही.

त्याला कळायला अर्धा क्षण लागला. म्हणाला, मग मी नाही ऐकत, तुमच्यावर आधीच कमी संकटं नाहीत. मी म्हटलं, माझी नोकरी अकरा महिने उरलीय, तुमची? म्हणाला, सहा वर्षं. म्हटलं, मग गुमान हुकूम पाळा. मी मोडते. आणि हे कागदावर नाही, इथे, तोंडाने. त्याने पट्ट्यावरून हात पुढे केला. फावड्यासारखाच हात, माझ्यासारखा.

१२ मे, बुधवार

कारणे दाखवा नोटीस आली. हुकूम का पाळला नाही, सात दिवसांत खुलासा द्यावा. टेबलावर ठेवलीय, त्यावर चहाचा कप ठेवला. यांनी नोटीस वाचली, कप उचलून पुसला आणि परत तिथेच ठेवला.

१४ मे, शुक्रवार

आज सकाळी त्याच उतारावर, मांडव नाही, साहेब नाहीत. त्याने आपले जोड पुन्हा खटक्याचे करून आणले होते. तो खालून टोक घेऊन आला, मी वरून गेले. जाड्या आणि ड्रायव्हर मागून पाइप धरून.

खट.

एवढंच. पाणी वर गल्लीत आलं, जळक्या भिंतींवरून काळं होऊन खाली वाहिलं. त्याची माणसं टाळ्या वाजवायला लागली तर त्याने हाताने थांबवलं. मला इतका संताप आला की तिथेच पाइपावर बसले. कोणावर आला ते आज लिहिवत नाही.

तिथून दवाखान्यात. धाकट्याला चहा पाजला, आता त्याला माझ्या हाताने प्यायची सवय झालीय, माझा हात जड आहे असं आता म्हणत नाही. काकांनी त्याला बातमी आधीच दिली होती.

म्हणाला, "बसला म्हणे जोड."

म्हटलं, बसला.

पट्ट्या बांधलेले हात त्याने उशीवर नीट ठेवले. मग विचारलं, "फार अवघड होतं का गं ताई?"

मी म्हटलं, "हो रे. फार अवघड होतं."